बांदा बेटे, जायफळ आणि १६२१ : करारभंगाच्या नावाखाली झालेला संहार

पूर्वसागर

सिंधुदुर्गातल्या बांद्याशी नावापलीकडे ज्यांचा काहीही संबंध नाही, अशी बांदा बेटे आजच्या इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात, सेराम बेटाच्या दक्षिणेला आहेत. लोंथोर ऊर्फ मोठे बांदा, नैरा, आय, रन, रोझेंगाइन अशी ही चिमुकली बेटे आणि मध्येच समुद्रातून वर आलेला गुनुंग आपी हा ज्वालामुखी, एवढाच हा प्रदेश. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारात येणारे उत्तम जायफळ आणि जायपत्री जवळपास सगळी इथूनच येत असे. या बेटांच्या वसाहतकालीन इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात ‘एका बेटाच्या बदल्यात मॅनहॅटन’ हा किस्सा आणि इंग्रज-डच स्पर्धा यांनाच जागा मिळते. ज्यांची ही बेटे होती ते लोक या गोष्टीत अडगळीसारखे येतात आणि जातात. म्हणून त्यांच्या बाजूने हा विषय मांडावा असे वाटले.

१५११ साली अफोंसो द अल्बुकर्कने मलाक्का जिंकल्यावर पोर्तुगीज गलबते १५१२ मध्ये बांदापर्यंत पोहोचली. पुढे त्यांनी मालुकूतल्याच तेर्नाते बेटावर किल्ला बांधला, तिथल्या सुलतान हैरूनचा १५७० मध्ये खून केला आणि त्याचा मुलगा बाबुल्ला याने १५७५ मध्ये त्यांना हाकलून लावले. बांदामध्ये मात्र पोर्तुगिजांना कायमचे बस्तान कधी बसवता आले नाही. याचे एक कारण बांदाच्या समाजरचनेत होते. तिथे राजा नव्हता, सुलतानही नव्हता. गावोगावचे ‘ओरांग काया’, म्हणजे प्रतिष्ठित व्यापारी आणि वडीलधारे, एकत्र बसून निर्णय घेत. शिवाय गावे ‘उलिलिमा’ आणि ‘उलिसिवा’ अशा दोन गटांत विभागलेली होती आणि या गटांचे आपसांत वैर असे. ज्या ठिकाणी एका माणसाला धाक दाखवून किंवा लाच देऊन सगळा प्रदेश ताब्यात घेता येत नाही, तिथे युरोपीय कंपन्यांची नेहमीची रीत चालत नसे.

दुसरी गोष्ट पोटाची. या बेटांवर जायफळ मुबलक होते, पण धान्य जवळजवळ पिकतच नव्हते. साबुदाणा, म्हणजे सागो ताडाच्या खोडातले पीठ, सेराम, केई, आरू या बेटांवरून येई. तांदूळ जावाच्या आणि मलाय व्यापाऱ्यांकडून. आणि कापड गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरून. त्या बाजारात भारतीय कापड हेच खरे चलन होते. जायफळ देऊन कापड घ्यायचे आणि त्यातले काही पुढे साबुदाण्यासाठी द्यायचे, या चक्रावर बांदाचे जगणे उभे होते.

आता डचांचा करार पाहा. डच जहाजे १५९९ मध्ये प्रथम इथे आली आणि १६०२ मध्ये काही ओरांग कायांनी एका करारावर सह्या केल्या. त्यानुसार सगळे जायफळ आणि जायपत्री फक्त डचांनाच, तेही ठरलेल्या दराने, विकायची होती. सह्या करणारे सगळ्या बेटांचे प्रतिनिधी नव्हते, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांनाही हा मजकूर शब्दशः कायमचा बांधून घेणारा वाटला असेल याची शक्यता कमी आहे. पण डचांचे जहाज तांदूळ घेऊन वेळेवर येत नसे. ते आणत ते जाड लोकरी कापड, जे विषुववृत्ताच्या इतक्या जवळ कोणी अंगाला लावणार नाही. जावाचा व्यापारी दारात तांदळाची पोती घेऊन उभा असताना त्याला जायफळ विकायचे नाही, ही अट पाळणे म्हणजे उपाशी राहणे होते. बांदावासीयांनी ती पाळली नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत याला विश्वासघात म्हटले आहे आणि पुढच्या प्रत्येक चढाईचे कारण म्हणून हाच शब्द येतो. माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे.

१६०९ मध्ये अॅडमिरल व्हेरहूफ मोठे आरमार घेऊन आला आणि पोर्तुगिजांनी अर्धवट सोडलेल्या पायावर नैरामध्ये नासाऊ किल्ला बांधू लागला. वाटाघाटीसाठी बोलावून बांदावासीयांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना ठार केले. या आरमाराबरोबर आलेल्या कनिष्ठ व्यापाऱ्यांत यान पीटरसून कून नावाचा तरुण होता. तोच पुढे गव्हर्नर-जनरल झाला. १६१९ मध्ये त्याने जयकर्ता जाळून तिथे बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, वसवले आणि १६२१ च्या आरंभी तो स्वतः बांदावर चालून आला. त्याने १६१४ मध्ये संचालकांना लिहिलेल्या पत्रातला विचार प्रसिद्ध आहे : युद्धाशिवाय व्यापार चालत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध चालत नाही.

मार्चमध्ये लोंथोर पडले. ओरांग काया तहासाठी आले. तटबंदी पाडायची, शस्त्रे द्यायची, ओलीस म्हणून मुले द्यायची, असे ठरले. सेलामोन गावात डच अधिकाऱ्यांनी मशीदच मुक्कामासाठी ताब्यात घेतली होती. एप्रिलमधल्या एका रात्री तिथे टांगलेला दिवा खाली पडला, हल्ल्याचा इशारा झाला असे समजून पहारेकऱ्यांनी अंधारात गोळीबार सुरू केला आणि दुसऱ्या दिवसापासून ‘कट’ उघडकीस आल्याचे जाहीर झाले. पकडलेल्यांचे जबाब छळ करून घेतले गेले. ८ मे १६२१ रोजी नासाऊ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग कायांना आणून कंपनीच्या नोकरीतल्या जपानी भाडोत्री सैनिकांकडून त्यांची मुंडकी उडवण्यात आली. त्यातल्या प्रमुखांच्या देहाचे चार तुकडे केले गेले. हे दृश्य पाहणाऱ्या एका डच लेफ्टनंटने त्याविषयी नापसंती लिहून ठेवली आहे, म्हणजे त्या काळच्या माणसांनाही हे नेहमीचे वाटले नव्हते.

त्यानंतर गावे जाळली गेली. डोंगरात पळालेले लोक उपासमारीने आणि रोगाने मेले, काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, शेकडो जणांना गुलाम करून बटाव्हियाला नेले. मूळ लोकसंख्या सुमारे १५,००० असावी आणि त्यानंतर बेटांवर हजाराच्या आसपास लोक उरले असावेत, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. संचालक मंडळाने ‘थोडे सबुरीने घेतले असते तर बरे झाले असते’ या आशयाची नाराजी कळवली. बेटे मात्र ठेवून घेतली.

चौकस

विस्तृत मांडणीबद्दल आभार. एक शंका आहे. रन बेटाच्या बदल्यात इंग्रजांनी मॅनहॅटन घेतले, हे इतक्या ठिकाणी वाचले आहे की ते निव्वळ दंतकथा म्हणून सोडून देता येईल का? ब्रेडाच्या तहात तसे कलम नव्हते काय?

पूर्वसागर

चौकस, अदलाबदलीचे कलम नव्हते. १६१६ च्या अखेरीस नथॅनिएल कोर्टहोप हा इंग्रज कप्तान रनवर उतरला आणि मूठभर माणसांनिशी, बेटावरच्या लोकांच्या साहाय्याने, १६२० मध्ये मारला जाईपर्यंत टिकून राहिला. पुढे १६५४ च्या तहानंतर रन इंग्रजांना परत द्यायचे ठरले, पण प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले आणि त्याच वर्षी युद्ध पेटल्यावर डचांनी ते पुन्हा घेतले. दरम्यान न्यू अॅमस्टरडॅम इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतले होते. १६६७ चा ब्रेडाचा तह ‘ज्याच्या हाती जे आहे ते त्याचे’ या तत्त्वावर झाला. रन डचांकडे राहिले, न्यू यॉर्क इंग्रजांकडे, आणि त्याच न्यायाने सुरिनाम डचांकडे. त्या वेळच्या वाटाघाटींत सुरिनामच्या उसाचे वजन रनपेक्षा कमी नव्हते. मॅनहॅटनची गोष्ट खपते, कारण ती ऐकणाऱ्याला न्यू यॉर्कच्या आजच्या जमिनीच्या भावाची आठवण होते. शिवाय ज्या रनची ही ‘किंमत’ सांगितली जाते, तिथली जायफळाची झाडे डचांनी आधीच तोडून टाकली होती.

तटस्थ

पूर्वसागर यांच्या लेखातील तपशिलांविषयी माझा वाद नाही. परंतु तोल थोडा एका बाजूला गेला आहे असे मला वाटते. व्हेरहूफला वाटाघाटीसाठी बोलावून मारणे हाही विश्वासघातच होता. ओरांग काया हे स्वतः धनाढ्य व्यापारी होते, गुलाम बाळगत होते, आणि उलिलिमा-उलिसिवा यांच्या भांडणांत एकमेकांविरुद्ध परकीयांची मदत घेत होते. इंग्रजांनी त्यांना बंदुका आणि चिथावणी दोन्ही पुरवले. सतराव्या शतकात करार मोडला की युद्ध होणारच, ही त्या काळाची रीत होती. आजच्या मोजपट्टीने कूनला मोजणे कितपत योग्य आहे?

पूर्वसागर

तटस्थ, व्हेरहूफची हत्या विश्वासघाताने झाली हे मी लेखातच लिहिले आहे आणि ओरांग काया साधुसंत होते असा माझा दावा नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, १६०९ मध्ये मारले गेले ते परवानगी नसताना किल्ला बांधणाऱ्या सशस्त्र आरमाराचे लोक होते. १६२१ मध्ये मारले गेले ते तह करून, शस्त्रे खाली ठेवून बसलेले लोक आणि त्यांच्यामागून सगळी प्रजा. दुसरी, ‘त्या काळाची रीत’ हा युक्तिवाद त्या काळच्या डच साक्षीदारांपुढेच टिकत नाही. कंपनीचेच संचालक सबुरीची भाषा करत होते आणि लेफ्टनंटने नापसंती लिहून ठेवली. होर्न या कूनच्या जन्मगावी त्याचा पुतळा १८९३ मध्ये उभारला गेला, तेव्हाही डचांतल्याच काही जणांनी आक्षेप घेतला होता. मोजपट्टी आजची आहे असे म्हणायला जागा कमी आहे.

उलिलिमा-उलिसिवा यांच्या भांडणाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे आणि त्यावर आणखी लिहायला हवे. १६१५ मध्ये आय बेटाने डच सैन्याला परतवून लावले; १६१६ मध्ये ते पडले, तेव्हा सगळी बेटे एकदिलाने उभी नव्हती. एकजूट असती तर १६२१ चा निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही, कारण तांदूळ अडवण्याची ताकद आता बटाव्हियाच्या हातात आली होती.

वखारदार

या सगळ्याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध दूरचा वाटतो, पण तो नाही. याच डच कंपनीची वखार सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, १६३० च्या दशकात, वेंगुर्ल्याला उघडली गेली. गोव्याच्या नाकेबंदीसाठी त्यांना जवळ ठाणे हवे होते. त्या वखारीची पडकी इमारत वेंगुर्ल्यात आजही आहे आणि तिथून गेलेल्या डच पत्रांत शिवकालीन घडामोडींची माहिती येते, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ती वाचतात. त्याच कंपनीच्या हिशेबाच्या दुसऱ्या पानावर बांदा आहे, हे सहसा कोणी पाहत नाही.

दुसरे असे की जायफळ, जायपत्री आणि लवंग यांचे गिऱ्हाईक केवळ युरोप नव्हते. सुरत हा कंपनीचा मोठा मसाला-बाजार होता. तिथे भाव मुद्दाम चढे ठेवले जात, कारण स्वस्तात माल मिळाला असता तर इंग्रजांनी तो सुरतेत विकत घेऊन युरोपात डचांच्याच तोंडावर विकला असता. म्हणजे १६६०-७० च्या सुमारास पुण्या-साताऱ्याकडच्या एखाद्या सरदाराच्या मुदपाकखान्यात जायफळ येत असेल, तर त्याच्या दरात बांदाच्या मक्तेदारीचा हिस्सा होता, असे म्हणायला हरकत नाही.

आणि गुलाम. मूळ लोक संपल्यावर बागांत राबायला माणसे कुठून आणली? त्यांत बाली, सुलावेसी, तिमोरचे लोक होते, तसे कोरोमंडल किनाऱ्यावरचेही होते. १६२० च्या दशकात दुष्काळात सापडलेली माणसे पुलिकत परिसरातून कंपनीने विकत घेऊन पूर्वेकडे पाठवली. तमिळ-तेलुगू मुलखातल्या या लोकांचा उल्लेख आपल्याकडच्या इतिहासलेखनात फारसा येत नाही.

परसबाग

मी बागायतीच्या बाजूने थोडी भर घालते. १६२१ नंतर डचांनी जमिनीचे ६८ तुकडे पाडले. त्यांना ‘पेर्क’ म्हणत. त्यांतले ३४ लोंथोरवर, ३१ आयवर आणि ३ नैरावर होते. ते कंपनीच्या माजी नोकरांना आणि सैनिकांना वहिवाटीला दिले. कंपनी गुलाम आणि तांदूळ पुरवणार, पेर्कवाल्याने सगळा माल ठरलेल्या पडत्या भावाने कंपनीलाच घालायचा. गंमत अशी की या नव्या मालकांना जायफळाची शेती ठाऊक नव्हती. त्यामुळे बटाव्हियाला नेलेल्या काही बांदावासीयांना गुलाम म्हणूनच परत आणून त्यांच्याकडून काम शिकावे लागले.

हे काम साधे नाही. जायफळाच्या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाचे लिंग फुले येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, कळत नाही. आपल्याकडे कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ लावणारे शेतकरी म्हणूनच कलमे घेतात. झाडाला कोवळ्या वयात सावली लागते. बांदामध्ये ती उंच कनारीची झाडे देतात. फळ उलले की लांब बांबूच्या टोकाला बसवलेल्या विणलेल्या टोपलीने ते अलगद काढतात, म्हणजे जमिनीवर आपटून जायपत्री फाटत नाही. ओली जायपत्री लालभडक असते, उन्हात ती पिवळसर-केशरी होते. बी मंद धुरावर अनेक आठवडे वाळवतात. आतली बी कवचात खुळखुळली की ती तयार झाली. मग कवच फोडायचे आणि जायफळ चुन्याच्या निवळीत बुडवायचे. किडीपासून बचाव हे त्याचे एक कारण, पण बाहेर कोणी ते पेरून रोप उगवू नये हाही हेतू सांगितला जातो. कबुतरांना मात्र चुना कोण लावणार? मोठी जंगली कबुतरे अख्खे फळ गिळून बी शेजारच्या बेटांवर टाकत, आणि तिथली झाडे शोधून तोडायला कंपनी माणसे पाठवी.

लवंगेचे तर याहून वाईट झाले. १६५२ मध्ये तेर्नातेच्या सुलतानाशी करार करून, त्याला वर्षासन देऊन, उत्तर मालुकूतली लवंगेची झाडे तोडायची आणि लागवड फक्त अंबोन व त्याच्या आसपासच्या बेटांपुरती ठेवायची असे ठरले. दरसाल वल्ह्यांच्या मोठ्या होड्यांचा ताफा, ज्याला ‘होंगी’ म्हणत, बेटाबेटांवर फिरून चोरटी लागवड उखडत असे. होड्या वल्हवायला माणसे त्याच बेटांवरची, सक्तीने धरलेली.

चौकस

परसबाग, मग ही मक्तेदारी मोडली कशी?

परसबाग

आधी फ्रेंचांनी भगदाड पाडले. पिएर प्वाव्र याने १७७० च्या सुमारास मालुकूतून रोपे आणि बिया पळवून मॉरिशसला लावून घेतल्या. १७७८ मध्ये बांदात भूकंप, ज्वालामुखी आणि वादळ एकदम झाले आणि बागांची मोठी हानी झाली. कंपनी स्वतः १७९९ च्या अखेरीस बुडीत निघाली. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियन यांच्या युद्धकाळात इंग्रजांनी बांदा दोनदा घेतले. दुसऱ्या खेपेला ऑगस्ट १८१० मध्ये कप्तान कोल याने थोड्याशा माणसांनिशी रात्रीच्या वादळी अंधारात बेल्जिका किल्ला सर केला. या काळात रोपे पेनांग, बेंकुलेन, श्रीलंका अशी सगळीकडे गेली आणि १८४० च्या दशकात ग्रेनाडापर्यंत पोहोचली. बेटे डचांना परत मिळाली, पण तोवर एकाधिकार उरला नव्हता. डच इंडीजमध्ये गुलामगिरी १८६० मध्ये बंद झाली आणि बांदाची सक्तीची खरेदी १८६४ मध्ये. त्यानंतर बागांत कंत्राटी जावानीज मजूर आणि कैदी आले.

दर्यापार

विसाव्या शतकाचाही एक पदर जोडतो. जायफळाचे महत्त्व गेल्यावर डच सरकारला बांदा दूरवरचे तुरुंगस्थान म्हणून उपयोगी पडले. मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरिर या इंडोनेशियन राष्ट्रवादी नेत्यांना १९३६ मध्ये न्यू गिनीतल्या बोव्हेन दिगूल या बंदी छावणीतून इथे आणून ठेवले. पेर्कवाल्यांच्या जुन्या दगडी घरांत राहून ते गावच्या मुलांना शिकवत. १९४२ च्या सुरुवातीला जपानी सैन्य जवळ आले, तेव्हा त्यांना विमानाने हलवले. पुढे हत्ता इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शाहरिर पहिले पंतप्रधान. आणि १९४७ मध्ये डच वेढ्यातून शाहरिरना विमानाने बाहेर काढून दिल्लीला आणणारे बिजू पटनाईक होते. रोझेंगाइन बेटाला आज हत्ता बेट म्हणतात. नैरामध्ये एका विहिरीपाशी स्मारक आहे, तिथे १६२१ मध्ये मारलेल्या ओरांग कायांची नावे आणि विसाव्या शतकातल्या या हद्दपारांची नावे एकत्र कोरलेली आहेत. राष्ट्रवादाने जुन्या इतिहासाला आपल्या सोयीने जवळ ओढल्याचे हे उदाहरण आहे असेही कोणी म्हणेल. मला ते गैर वाटत नाही.

तटस्थ

पूर्वसागर, आपले उत्तर वाचले. साक्षीदारांचा मुद्दा मान्य आहे. मग शेवटचा प्रश्न : मूळ बांदावासीयांचे कोणी वंशज आज आहेत का, की तो समाज पूर्णपणे नाहीसा झाला?

पूर्वसागर

नाहीसा झाला नाही. १६२१ मध्ये काही लोक होड्यांतून पूर्वेला, ज्यांच्याशी त्यांचा साबुदाण्याचा व्यापार होता त्याच बेटांकडे, निघून गेले. केई बेसार बेटावर बांदा एली आणि बांदा एलात ही दोन गावे त्यांच्या वंशजांची आहेत, आणि खुद्द बांदा बेटांवर जी भाषा आज कोणी बोलत नाही, ती तिथे अजून बोलली जाते. बांदा बेटांवरची आजची वस्ती गुलाम, जावानीज मजूर, बुतोनचे लोक, अरब आणि चिनी व्यापारी अशा अनेकांच्या मिश्रणातून तयार झाली आहे. तरी या नव्या वस्तीने जुन्या गावांच्या सीमा, ओरांग काया हे पद, होड्यांच्या शर्यती आणि चाकालेले हे युद्धनृत्य आपले म्हणून उचलले. त्या नृत्यातल्या काही भागांचा अर्थ गावकरी १६२१ शी जोडतात. ज्यांचे रक्त त्या ४४ जणांशी बहुधा जुळत नाही, तेच लोक हे करतात. मानववंशशास्त्रज्ञांनी बांदा आणि बांदा एली अशा दोन्ही ठिकाणी राहून यावर काम केलेले आहे. केईकडच्या वंशजांच्या परंपरेवर स्वतंत्र धागा काढायचा विचार आहे. तेर्नाते-तिदोर यांच्या सुलतानांविषयी कोणाचा अभ्यास असेल तर त्यांनी होंगीच्या प्रश्नावर इथेच पुढे लिहावे.